‘वीस प्रश्न’ बिघडतो तो उत्तर देणाऱ्यामुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेचे जुने वर्गमित्र, नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, परदेशातली मराठी मंडळे अशा सगळ्यांच्या मोबाइलवरच्या गटांत हल्ली ‘वीस प्रश्न’ हा खेळ आवडीने खेळला जातो. एकाने मनात एक गोष्ट धरायची. बाकीच्यांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याच उत्तराचे वीस प्रश्न विचारून ती ओळखायची. पत्ते नकोत, पट नको, एका जागी जमायलाही नको. तरीही बहुतेक गटांत तिसऱ्या-चौथ्या डावाला वाद होतो आणि खेळ बंद पडतो. ‘तुम्हाला प्रश्नच विचारता येत नाहीत’ असे विचारणाऱ्यांना ऐकवले जाते. आमच्या मते दोष बहुधा दुसऱ्याच बाजूला असतो. उत्तर देणारा कशाला ‘हो’ म्हणतो आणि कशाला ‘नाही’ म्हणतो हे आधी ठरलेले नसते. मराठीत खेळताना मराठीचे म्हणून जे खाचखळगे येतात, त्यांचा तर कोणी विचारच केलेला नसतो.

आधी थोडे गणित, कारण त्याशिवाय पुढचे पटणार नाही. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्या शक्यता बरोबर निम्म्या झाल्या, तर दहा प्रश्नांत १,०२४ गोष्टींमधून एक ओळखता येते आणि वीस प्रश्नांत १०,४८,५७६ गोष्टींमधून एक. दहा लाखांहून जास्त वस्तू, माणसे, गावे आपल्याला नावाने माहीत असण्याची शक्यता कमीच. म्हणजे वीस प्रश्न हा आकडा कंजूष नाही, चांगला ऐसपैस आहे. अट एकच, प्रश्न निम्म्यावर कापणारा हवा. चौसष्ट शक्यता उरलेल्या असताना ‘ती कात्री आहे का?’ असे विचारले आणि ‘नाही’ आले, तर त्रेसष्ट उरतात आणि एक प्रश्न वाया जातो. थेट नाव घेणे हाही एक प्रश्नच धरावा. नाव घ्यायचे ते दोन-तीन शक्यता उरल्यावर.

निम्म्यावर कापणे म्हणजे काय, ते महाराष्ट्राच्या जिल्ह्यांवर करून पाहता येते. नव्या गटाला सराव द्यायला याइतका चांगला डाव नाही. जिल्हे ३६, आणि ३६ हे ६४ पेक्षा कमी, म्हणून सहा प्रश्न पुरायला हवेत. नवखा माणूस ‘कोकणात आहे का?’ इथून सुरुवात करतो. कोकण विभागात सातच जिल्हे, त्यामुळे ‘नाही’ आले की २९ उरतात. त्याऐवजी ‘विदर्भात किंवा मराठवाड्यात आहे का?’ असे विचारावे. विदर्भाचे ११ आणि मराठवाड्याचे ८ मिळून १९ होतात, उरतात १७. जवळजवळ मधोमध. उत्तर ‘नाही’ आले तर ‘कोकण विभागात आहे का?’ हा प्रश्न आता योग्य ठरतो, कारण तो १७ मधले ७ वेगळे करतो. पुन्हा ‘नाही’ आले तर १० उरतात, पुणे विभागाचे ५ आणि नाशिक विभागाचे ५. ‘पुणे विभाग का?’ याला ‘हो’ आले की पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर. ‘कर्नाटकाची हद्द लागते का?’ याला ‘हो’ आले की सांगली, कोल्हापूर, सोलापूर. ‘पंढरपूर याच जिल्ह्यात का?’ याला ‘नाही’ आले की दोनच उरतात, आणि सहाव्या प्रश्नाला निकाल लागतो. ‘कोकणात आहे का?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला की कच्चा आणि दुसऱ्यांदा विचारला की पक्का, हे ज्याला कळले त्याला खेळाचा अर्धा भाग कळला.

आता उत्तराकडे येऊ. वरच्या पहिल्या प्रश्नात ‘किंवा’ आहे. काही गट ‘किंवा’वर बंदी घालतात, ती चूक आहे. ‘लाकडाची किंवा लोखंडाची आहे का?’ हा हो-नाहीचा सरळ प्रश्न आहे. दोन्हींपैकी एक असली तरी ‘हो’. बंदी घालायची ती ‘की’वर. ‘लाकडाची की लोखंडाची?’ याला हो-नाहीत उत्तरच नाही, आणि सवयीने उत्तर देणारा ‘लोखंडाची’ असे लिहून मोकळा होतो. घाईत टाइप करताना या दोन शब्दांची सारखी अदलाबदल होते. म्हणून प्रश्नात ‘की’ आला तर उत्तर न देता प्रश्न परत करायचा आणि तो मोजायचा नाही, एवढा नियम पुरतो.

दुसरी अडचण नकारार्थी प्रश्नाची. ‘ती महाग नसते ना?’ असे कोणी विचारले आणि उत्तर आले ‘हो’. म्हणजे काय? ‘हो, बरोबर, महाग नसते’ की ‘हो, महाग असते’? मराठीत दोन्ही प्रकारे बोलले जाते. समोरासमोर स्वरावरून कळते, लेखी ‘हो’वरून कळत नाही. अर्धा गट एक अर्थ धरतो, अर्धा दुसरा, आणि पाच-सहा प्रश्नांनंतर सगळे एकमेकांवर चिडतात. ‘नसते ना’, ‘नाही का’, ‘तर नव्हे’ यांनी संपणारा कोणताही प्रश्न घेऊ नये. ‘ती पाचशे रुपयांपेक्षा महाग असते का?’ असे सरळ विचारावे. शिवाय ‘महाग’ हा शब्द प्रत्येकाचा वेगळा असतो, तेव्हा त्याला आकडा जोडलेला बरा.

तिसरी अडचण आपल्या भाषेतल्या लिंगाची, आणि ती सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. समजा मनातली वस्तू स्वयंपाकघरातली आहे. कोणी विचारले, ‘गॅसवर ठेवतात का?’ उत्तर देणाऱ्याने मोकळेपणाने लिहिले, ‘हो, ठेवतात की, रोज लागतो!’ तो ‘लागतो’ म्हणाला, त्यासरशी कढई, परात, पळी, किसणी, पातेले, झाकण, ताट हे सगळे बाद. उरले तवा, डबा, झारा, चिमटा असे पुल्लिंगी. मराठीत तीन लिंगे. उरलेल्या शक्यता तिन्हींत सारख्या वाटलेल्या असतील, तर त्या एका क्रियापदाने दीड प्रश्नाहून थोडी जास्तच माहिती फुकट मिळते. इंग्रजीत हा खेळ खेळणाऱ्यांना ही अडचण येत नाही, म्हणून तिकडून उचललेल्या नियमांत तिचा उल्लेख सापडत नाही. उपाय सोपा आहे. मनात काहीही असो, बोलायचे ‘वस्तू’बद्दल, आणि वस्तू स्त्रीलिंगी, म्हणून प्रश्न-उत्तर दोन्हींत ‘ती’. माणसाबद्दल बोलायचे तर ‘व्यक्ती’, तीही ‘ती’. ठिकाणाबद्दल ‘ठिकाण’, म्हणजे ‘ते’. आणि उत्तर देणाऱ्याने एक शब्द लिहून थांबायचे.

व्यक्तींच्या डावात लिंगाचा आणखी एक फटका बसतो. ‘ही व्यक्ती अभिनेता आहे का?’ असा प्रश्न येतो. मनात अभिनेत्री असते, आणि उत्तर देणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. झाले, सगळा गट सिनेमा-नाटक सोडून राजकारणाकडे निघून जातो. लेखक-लेखिका, गायक-गायिका, शिक्षक-शिक्षिका यांचेही तसेच. म्हणून धंद्याचे नाम टाळून काम विचारावे. ‘अभिनय करते का?’, ‘लिहिते का?’, ‘गाण्यासाठी ओळखली जाते का?’ आणि ‘ही व्यक्ती पुण्याची का?’ असले सैल प्रश्न विचारू नयेत. सावित्रीबाई फुले यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा आणि काम पुण्यातले. उत्तर देणाऱ्याने काय म्हणावे? ‘जन्म पुणे जिल्ह्यात झाला का?’ किंवा ‘मुख्य काम पुण्यात झाले का?’ असे विचारले की वादाला जागाच उरत नाही.

उत्तरे किती प्रकारची असावीत यावर मतभेद आहेत. आमचा आग्रह चारांचा. ‘हो’, ‘नाही’, ‘काही अंशी’ आणि ‘सांगता येत नाही’. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर देणाऱ्याच्या अज्ञानाचे, म्हणून तो प्रश्न मोजायचा नाही. ‘काही अंशी’ मात्र मोजायचा, कारण ‘काही अंशी’मधून खूप कळते. ‘धातूची आहे का?’ याला ‘काही अंशी’ आले, तर निखळ लोखंडाच्या आणि निखळ लाकडाच्या सगळ्या वस्तू एका फटक्यात जातात. मात्र एका डावात ‘काही अंशी’ तीनदाच वापरता यावे. नाहीतर उत्तर देणारा प्रत्येक अवघड प्रश्न त्याच्या मागे लपवतो. ‘कधी कधी’, ‘तसं म्हटलं तर’, ‘विचार करायला हवा’ ही उत्तरे नव्हेत. आणि अंगठ्याचे चित्र तर अजिबात चालवून घेऊ नये. त्याचा अर्थ कोणी ‘हो’ घेतो, कोणी ‘प्रश्न वाचला’ असा घेतो.

‘बहुतेक’ या शब्दाचाही एकदा निकाल लावून टाकावा. ‘घरात असते का?’ म्हणजे एखाद्या घरात, बऱ्याच घरांत की सगळ्या घरांत? आधीच ठरवावे की ‘असते का’ याचा अर्थ ‘दहांपैकी निदान सहा घरांत असते का’. आकारासाठीही सगळ्यांच्या ओळखीची मापे धरावीत. काड्यापेटीत मावेल का, चपलेच्या खोक्यात मावेल का, घराच्या दारातून आत येईल का. ‘मोठी आहे का?’ या प्रश्नाला अर्थच नाही.

डाव सुरू होण्याआधी उत्तर देणाऱ्याने दोन गोष्टी जाहीर कराव्यात. पहिली, मनात आहे ते काय: वस्तू, व्यक्ती, ठिकाण, प्राणी-वनस्पती की खाण्याचा पदार्थ. दुसरी, ती एकच ठरावीक गोष्ट आहे की एक प्रकार. ‘पगडी’ वेगळी आणि ‘लोकमान्य टिळकांची पगडी’ वेगळी. हे न सांगितल्यामुळे अठराव्या प्रश्नाला ‘अरे, पण मी कुठली तरी एकच म्हणत होतो’ हे ऐकावे लागते. अमेरिकेत १९४६ साली आणि ब्रिटनमध्ये १९४७ साली हा खेळ रेडिओवर आला, तेव्हा प्राणिज, वनस्पतिज आणि खनिज अशी विभागणी लोकांच्या अंगवळणी पडली. काही मराठी गट तीच आजही वापरतात. ती आता सोडून द्यावी. पैठणीचे रेशीम प्राणिज आणि जर धातूची. प्लास्टिकचा मग खनिज तेलातून आलेला. मोती शिंपल्यातला म्हणून प्राणिज. पहिल्याच उत्तराला चर्चा लागते आणि ती चर्चाच सगळे सांगून टाकते.

एक डाव जवळून पाहू. मनात धरला आहे अडकित्ता. ‘ही एक वस्तू आहे, एक प्रकार आहे’ एवढे जाहीर केले. माणसाने बनवलेली आहे का? हो. आज बहुतेक घरांत सापडेल का? नाही. चपलेच्या खोक्यात मावेल का? हो. मुख्य भाग धातूचा का? हो. वापरताना हातात धरावी लागते का? हो. खाण्याच्या गोष्टीसाठी वापरतात का? हो. विस्तवावर ठेवतात का? नाही. कापण्या-फोडण्यासाठी आहे का? हो. एकमेकांना खिळ्याने जोडलेले दोन भाग आहेत का? हो. भाजी किंवा फळे कापायला वापरतात का? नाही. अडकित्ता का? हो. अकरा प्रश्नांत काम झाले.

याच डावाची दुसरी बाजू पाहा. सहाव्या जागी कोणी ‘स्वयंपाकघरात असते का?’ असे विचारले असते, तर खरे उत्तर ‘नाही’. अडकित्त्याची जागा पानाच्या डब्यात, आणि तो डबा बैठकीत किंवा ओसरीवर. ‘नाही’ येताच गटातले दहापैकी आठ जण खाण्यापिण्याचा विषय सोडून शिवणकाम, सुतारकाम, शेतीची अवजारे असे फिरत बसतात. उत्तर बरोबर, प्रश्नही वरवर बरोबर, आणि गट रस्ता चुकलेला. वस्तू कुठे ठेवतात आणि कशाला वापरतात हे दोन प्रश्न वेगळे आहेत. वापराबद्दल आधी विचारावे, जागेबद्दल नंतर. दुसऱ्या प्रश्नाला ‘आज बहुतेक घरांत नाही’ असे आलेच होते. तेव्हा जुन्या घरातली, आता मागे पडलेली वस्तू असणार, ही खूण तिथेच मिळाली होती. आलेल्या ‘नाही’कडेही ‘हो’इतकेच लक्ष द्यायला हवे.

चुकीच्या उत्तराचा प्रश्न गंभीर आहे. उत्तर देणारा मुद्दाम खोटे बोलत नाही, पण घाईत किंवा अर्धवट माहितीमुळे एखादे उत्तर चुकते. एका चुकीची किंमत किती, हे गणितात बरोबर मोजलेले आहे. हंगेरीत हा खेळ ‘बारकोखबा’ या नावाने घरोघरी माहीत आहे. तिथले गणितज्ञ आल्फ्रेड रेन्यी यांनी आणि अमेरिकेत स्टॅनिस्लॉ उलाम यांनी वेगवेगळा हाच विचार मांडला. एक ते दहा लाख यांमधला आकडा ओळखायला खऱ्या उत्तरांचे वीस प्रश्न पुरतात. पण त्यातले एक उत्तर खोटे असू शकते असे धरले, तर किती लागतील? उत्तर आहे पंचवीस, आणि ते १९८७ साली सिद्ध झाले. चोवीस का पुरत नाहीत ते साध्या भागाकाराने दिसते. चोवीस उत्तरांचे १,६७,७७,२१६ प्रकार होतात. पण आकड्याबरोबर खोटे उत्तर चोवीसपैकी कितवे, की खोटे नाहीच, अशा २५ शक्यताही वेगळ्या काढाव्या लागतात. भागून येतात ६,७१,०८८, म्हणजे दहा लाखांना कमीच.

यातून गटासाठी निघणारा नियम असा. आपले उत्तर चुकले हे लक्षात येताच उत्तर देणाऱ्याने तिथल्या तिथे सांगावे, आणि त्या चुकीनंतरचे सगळे प्रश्न परत द्यावेत. शेवटी ‘तेवढं एक चुकलं होतं’ म्हणणे चालणार नाही, तो डाव विचारणाऱ्यांचा धरावा. विचारणाऱ्यांनीही दहाव्या प्रश्नानंतर एक प्रश्न पडताळणीसाठी ठेवावा, आणि तो वेगळ्या शब्दांत. ‘धातूची का?’ याला ‘हो’ आले असेल तर ‘चुंबक चिकटेल का?’ किंवा ‘गंज चढतो का?’ असे विचारावे. जुने उत्तरही तपासले जाते आणि लोखंड की पितळ हेही कळते. पडताळणीचा प्रश्न असा दुहेरी कामाचा असावा.

माणसाच्या मनातले ओळखणारे जे संगणकी खेळ आहेत, तेही हेच करतात. रॉबिन बर्गनर या कॅनडातल्या संगणकतज्ज्ञाने १९८८ साली सुरू केलेला ‘ट्वेंटी क्यू’ घ्या, किंवा फ्रान्समधून २००७ साली आलेला ‘अकिनेटर’ घ्या. अकिनेटरमध्ये ‘बहुधा हो’ आणि ‘बहुधा नाही’ अशी उत्तरेही देता येतात. हे खेळ एका उत्तरावरून कोणाला कायमचे बाद करत नाहीत, एखाद-दुसरे उत्तर चुकले तरी नाव बरोबर काढू शकतात. गटानेही तसेच करावे. ‘संशयित’ नावांची एक यादी बाजूला ठेवावी आणि पंधराव्या प्रश्नाला अडकल्यावर तिच्याकडे परत जावे.

आता मोबाइलवरच्या, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या, खास भानगडी. समोरासमोर एकाच वेळी दोघे बोलले तर लगेच कळते. गटात पाच जण एकाच मिनिटात प्रश्न टाकतात आणि खाली एक एकटा ‘हो’ येतो. तो कोणाला? म्हणून उत्तर नेहमी त्या प्रश्नाचा संदेश उजवीकडे सरकवून, त्याला जोडूनच द्यावे. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असावा, ‘७/२०’ असा, आणि क्रमांक नसलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. विचारणारे पाच ते आठ असले की रंगत येते. दहाच्या वर गेले की दोन तुकड्या कराव्यात. विचारणाऱ्यांचा वेगळा छोटा गट करावा. पुढचा प्रश्न कोणता यावर तिथे मतदान घ्यावे, आणि मुख्य गटात एकानेच तो टाकावा.

संदेश पाठवल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत तो बदलता येतो. बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिले होते ते इतरांना दिसत नाही. तेव्हा प्रश्न किंवा उत्तर बदलायचे नाही, चूक झाली तर खाली नवा संदेश टाकायचा. ज्या गटात संदेश २४ तासांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असते, तिथे दोन-तीन दिवस चालणारा डाव खेळूच नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली सात-आठ उत्तरे गायब झालेली असतात आणि त्यांच्याबद्दल वाद सुरू होतो. दर पाच प्रश्नांनी पंचाने आतापर्यंतच्या उत्तरांचा एक गोषवारा टाकून तो वर टाचून ठेवावा. उशिरा आलेल्यांनी जुनेच प्रश्न पुन्हा विचारण्याचे प्रमाण त्याने एकदम कमी होते.

मनातला शब्द मधेच बदलला, असा आरोप सगळ्यात कडवट. त्यावर उपाय आधीच करायचा असतो. शब्द कागदावर लिहून, तारीख-वेळ घालून, त्याचा फोटो पंचाला वेगळा पाठवावा. एकदाच उघडणारा फोटो पाठवू नये, पंचाला तो शेवटी गटात टाकायचा असतो. पंच नसेल तर शब्द लिहिलेली फाइल कुलूप लावून सुरुवातीलाच गटात टाकावी आणि परवलीचा शब्द डाव संपल्यावर सांगावा.

शब्द कोणी ठरवलेलाच नाही असाही एक डाव आहे, आणि तो फार सुंदर आहे. जॉन व्हीलर हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ त्याची हकीकत सांगत. ते खोलीबाहेर गेल्यावर मित्रांनी ठरवले की शब्द ठरवायचाच नाही. प्रत्येकाने वाटेल ते उत्तर द्यायचे, मात्र आधीच्या सगळ्या उत्तरांत बसेल असा एखादा शब्द त्या क्षणी त्याच्या मनात हवा. उत्तरे सुरुवातीला भराभर आली आणि पुढे पुढे प्रत्येकाला विचाराला जास्त वेळ लागू लागला. शेवटी व्हीलर यांनी ‘ढग’ म्हटले आणि सगळ्यांनी ते मान्य केले. गटात हा डाव खेळायचा तर प्रत्येक उत्तर देणाऱ्याने त्या वेळी मनात असलेला शब्द पंचाला कळवावा. ज्याला शब्द सुचला नाही तो बाद. बाराव्या-तेराव्या प्रश्नाच्या पुढे हा डाव अनुभवी खेळाडूंनाही घाम फोडतो.

हे सांगण्याला आणखी एक कारण आहे. हल्ली गप्पा मारणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला ‘तू मनात धर, आम्ही ओळखतो’ असे सांगून गट खेळतात. ते यंत्र ‘धरले’ म्हणते. पण बऱ्याचदा शब्द कुठेच नोंदलेला नसतो. समोर झालेल्या संवादावरून ते पुढचे उत्तर तयार करते. म्हणजे नकळत व्हीलर यांचाच डाव चाललेला असतो, फक्त उत्तरे एकमेकांशी जुळतील याची हमी नसते. पंचाने त्या यंत्राकडून शब्द आधी लिहून घ्यावा, आपल्यापुरता ठेवावा आणि उत्तरे त्याच्याशी पडताळून पाहावीत.

परदेशातल्या मंडळींसोबत ठरलेल्या वेळी खेळायचे तर रविवारी रात्री ९ ही पुण्या-मुंबईची वेळ सोयीची. तेव्हा दुबईत संध्याकाळचे ७.३० असतात, लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे ४.३० आणि न्यू जर्सीत सकाळचे ११.३०. हिवाळ्यात लंडन आणि न्यू जर्सी दोन्ही एक तास मागे सरकतात. पण अमेरिकेतली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनमधली मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मार्चमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या एका आठवड्यात हमखास कोणीतरी तासभर आधी किंवा उशिरा येते. सिडनीत मात्र तेव्हा मध्यरात्र उलटून दीड-अडीच वाजलेले असतात, त्यांच्यासाठी दोन दिवसांचा संथ डाव वेगळा ठेवावा.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी ‘वीस प्रश्न’ला थोडी जागा द्यावी, ही विनंती. मांडणी अशी असू शकेल. विषय जाहीर करावा, बारा प्रश्न आणि त्यांची उत्तरे छापावीत, आणि वाचकांनी नाव ओळखून सोबत आपण विचारला असता तो तेरावा प्रश्नही पाठवावा. नाव बरोबर असलेल्यांइतकीच दाद उत्तम तेराव्या प्रश्नाला मिळावी. शब्द निवडताना अडकित्ता, रोवळी, पाटा-वरवंटा, कंदील, सूप अशा आपल्या घरांतल्या वस्तू घ्याव्यात. त्यांच्याबद्दल आजी-आजोबांना विचारल्याशिवाय नातवंडांना प्रश्न सुचणार नाहीत. आणि छापलेले एखादे ‘हो’ चुकले असेल, तर दुरुस्ती पुढच्या रविवारपर्यंत न थांबता दुसऱ्याच दिवशीच्या अंकात द्यावी, म्हणजे वाचकांचे त्यानंतरचे प्रश्न वाया जाणार नाहीत.

कळावे,
‘वीस प्रश्न’ खेळणारे काही वाचक, ठाणे